'इव्हॅल'चा दुसरा घटक : लिस्पपासून क्लोजरपर्यंत नाव आणि संदर्भ यांचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास म्हटला की यंत्रांचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, सूक्ष्मप्रक्रियक अशा पायऱ्यांनी तो सांगितला जातो. परंतु यंत्रांइतकाच महत्त्वाचा इतिहास संगणकीय विचारांचाही आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका विचाराचा मागोवा घेतला आहे. एका ठिकाणी लिहिलेली आज्ञा दुसऱ्या ठिकाणी अमलात आणली, तर तिच्यातील नावांचा अर्थ कोणत्या ठिकाणाप्रमाणे लावावा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही अपरिचित नाही. 'गुण' हा एकच शब्द घ्या. पाणिनीय व्याकरणात 'गुण' म्हणजे अ, ए, ओ हे स्वर. सांख्यदर्शनात सत्त्व, रज, तम. आणि महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत परीक्षेत मिळालेले आकडे. शब्द एक, शास्त्रे तीन, अर्थ तीन. कोणत्या शास्त्रात आपण उभे आहोत हे कळल्याशिवाय शब्दाचा अर्थ लावता येत नाही. संगणकीय भाषांत अशा प्रत्येक शास्त्राच्या जागी जी व्यवस्था असते तिला 'नेमस्पेस', म्हणजे नावांचा स्वतंत्र परिसर, असे म्हणतात.

लेखाची उद्दिष्टे :

१) लिस्प कुळातील भाषांत आज्ञावलीचे आयत्या वेळी मूल्यांकन करण्याची कल्पना कशी विकसित झाली ते पाहणे.
२) नेमस्पेस ओलांडून मूल्यांकन करताना उद्भवणाऱ्या अडचणींची कारणे स्पष्ट करणे.
३) नाव आणि संदर्भ यांच्या या संबंधाचा आपल्या परिसरातील दस्तऐवजांच्या वाचनाशी असलेला दुवा दाखविणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. आरंभ : दोन घटकांचे 'इव्हॅल'

अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कलन मांडले. फंक्शन ही संकल्पना केवळ चिन्हांच्या नियमबद्ध बदलांतून व्यक्त करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. या पायावर जॉन मॅकार्थी यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लिस्प भाषेची उभारणी केली. एप्रिल १९६० मध्ये त्यांचा सुप्रसिद्ध शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

लिस्पचे वेगळेपण असे की तिच्यात आज्ञावली आणि माहिती या दोहोंचे रूप एकच असते. दोन्ही कंसांत मांडलेल्या याद्याच असतात. त्यामुळे एखादी आज्ञावली दुसरी आज्ञावली यादीच्या रूपात तयार करू शकते आणि लगेच तिचे मूल्यांकन करवून घेऊ शकते. हे मूल्यांकन करणाऱ्या फंक्शनचे नाव 'इव्हॅल'. मॅकार्थी यांनी ते सैद्धांतिक विवेचनासाठी मांडले होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांच्या मात्र ध्यानात आले की हे फंक्शन आयबीएम ७०४ या यंत्रावर प्रत्यक्ष उतरविता येईल. त्यांनी ते उतरविले आणि कागदावरची व्याख्या चालती भाषा झाली.

याच वर्षी, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. आपल्याकडे यंत्र उभे करण्याचे आव्हान पेलले जात असताना दुसरीकडे भाषेच्या अर्थाचा प्रश्न आकार घेत होता, ही समकालीनता लक्षात घेण्याजोगी आहे.

मॅकार्थी यांच्या १९६० च्या मांडणीत 'इव्हॅल'ला दोन घटक द्यावे लागत. पहिला, ज्याचे मूल्यांकन करायचे ती पदावली. दुसरा, नावे व त्यांचे अर्थ यांची जोडयादी. म्हणजेच 'काय' आणि 'कोणत्या संदर्भात' हे दोन्ही स्पष्टपणे सांगावे लागत असे. या दुसऱ्या घटकाचे पुढे काय झाले, हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

२. अर्थ जन्मस्थानी की वापराच्या स्थानी?

लिस्पच्या आरंभकाळातच जेम्स स्लेगल यांनी लिहिलेले एक फंक्शन अपेक्षेप्रमाणे चालेना. मॅकार्थी यांनी पुढे १९७८ मध्ये लिस्पचा इतिहास सांगताना हा प्रसंग नोंदविला आहे. आपण तो प्रथम एक किरकोळ दोष समजलो, असेही त्यांनी तेथे मान्य केले आहे. प्रत्यक्षात तो मूलभूत प्रश्न होता. एखादे फंक्शन एका ठिकाणी तयार करून दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिले असता, त्यातील मोकळ्या नावांचा अर्थ वापराच्या ठिकाणच्या जोडयादीतून लावला जात होता. तेथे योगायोगाने तेच नाव वेगळ्या अर्थाने आलेले असेल, तर उत्तर चुकत होते. या पद्धतीला 'गतिक व्याप्ती' म्हणता येईल. रसेल व पॅट्रिक फिशर यांनी त्यावर तात्पुरता उपाय काढला.

पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये या प्रश्नाचे तत्त्वतः उत्तर दिले. फंक्शन म्हणजे केवळ मजकूर नव्हे. मजकूर आणि तो ज्या परिसरात जन्मला तो परिसर, अशी ती जोडी आहे. या जोडीस त्यांनी 'क्लोजर' म्हटले. १९७० मध्ये जोएल मोझेस यांनी लिस्पमधील या अडचणीचे सविस्तर विश्लेषण केले. १९७५ मध्ये जेराल्ड ससमन व गाय स्टील यांनी 'स्कीम' ही भाषा मांडली. तिच्यात नावाचा अर्थ जन्मस्थानावरून ठरविण्याचा, म्हणजेच 'शाब्दिक व्याप्ती'चा, नियम पायाभूत मानला गेला.

फंक्शनपुरता प्रश्न सुटला, पण 'इव्हॅल'चा सुटला नाही. आयत्या वेळी तयार झालेल्या यादीस जन्मस्थान कोणते मानावे? ती केवळ चिन्हांची यादी असते. तिच्यासोबत परिसर बांधलेला नसतो. स्कीमच्या १९९१ च्या अहवालात 'इव्हॅल'चा समावेशच नव्हता. १९९८ च्या पाचव्या सुधारित अहवालात ते आले तेव्हा दुसऱ्या घटकासह आले. कोणत्या परिसरात मूल्यांकन करायचे हे सांगणे तेथे पुन्हा आवश्यक ठरले.

३. पॅकेजची व्यवस्था

आज्ञावल्या मोठ्या होऊ लागल्या, अनेकांनी मिळून लिहिल्या जाऊ लागल्या, तसा नावांचा संघर्ष वाढला. दोन लेखकांनी एकच नाव वेगवेगळ्या कामासाठी योजले तर एकाचा अर्थ दुसऱ्याचा अर्थ पुसून टाकी. १९८४ मध्ये वर्णिलेल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता पावलेल्या 'कॉमन लिस्प'मध्ये यासाठी 'पॅकेज' ही व्यवस्था आहे.

कॉमन लिस्पमध्ये चिन्ह कोणत्या पॅकेजचे, हे मजकूर वाचला जात असतानाच ठरते. त्यानंतर केवळ मूल्यांकनाच्या वेळी चालू पॅकेज बदलले, तरी आधी वाचलेल्या चिन्हांची ओळख बदलत नाही. तेथील 'इव्हॅल' मात्र एकच घटक घेते. संदर्भाचा एक भाग वाचनाच्या वेळीच चिन्हात मुरलेला असतो आणि उरलेला चालू अवस्थेतून घेतला जातो.

४. क्लोजर भाषा आणि नेमस्पेस

रिच हिकी यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये 'क्लोजर' ही भाषा जाहीर केली. उच्चार लँडिन यांच्या संज्ञेसारखा असला तरी इंग्रजीत भाषेचे नाव वेगळ्या अक्षराने लिहितात. ही लिस्प कुळातील, जावाच्या आभासी यंत्रावर चालणारी, फंक्शनल पद्धतीची भाषा आहे. पुण्यात अभियांत्रिकी केंद्र असलेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपल्या सेवांच्या उभारणीसाठी तिचा वापर केला. म्हणजे हा विषय महाराष्ट्राच्या व्यावसायिक जीवनापासून दूरचा नाही.

क्लोजरमध्ये साधे चिन्ह वाचताना कोणत्याही नेमस्पेसशी बांधले जात नाही. ते केवळ नाव असते. मूल्यांकनाच्या क्षणी जी नेमस्पेस 'चालू' असेल, तिच्यात त्याचा अर्थ शोधला जातो. 'इव्हॅल' येथेही एकच घटक घेते. दुसरा घटक चालू नेमस्पेस दर्शविणाऱ्या एका चलात दडलेला असतो.

उदाहरणार्थ, महाविद्यालयाच्या आज्ञावलीत 'परीक्षा' व 'ग्रंथालय' अशा दोन नेमस्पेस आहेत आणि दोहोंत 'शुल्क' नावाचे फंक्शन आहे, असे समजू. 'परीक्षा' या भागात बसून लेखकाने शुल्काची यादी-आज्ञा तयार केली. संवादी पद्धतीने, म्हणजे ओळ लिहून लगेच उत्तर पाहण्याच्या पद्धतीने, ती तपासली. त्या वेळी चालू नेमस्पेस 'परीक्षा' असल्याने उत्तर बरोबर आले. तीच आज्ञावली बांधून स्वतंत्रपणे चालविली असता चालू नेमस्पेस वेगळी असते. आता 'शुल्क' हे नाव सापडत नाही, असा संदेश येतो. 'ग्रंथालय' चालू असेल तर त्याहून वाईट घडते : नाव सापडते, पण भलतेच. पहिला दोष स्वतःची दवंडी पिटतो. दुसरा मुकाट्याने चुकीचा आकडा देतो.

यावर तीन उपाय रूढ आहेत.

अ) नाव संपूर्ण लिहिणे, म्हणजे 'परीक्षा' या उपसर्गासह 'शुल्क'. अशा नावाचा अर्थ चालू नेमस्पेसवर अवलंबून राहत नाही.
ब) उलट्या अवतरणचिन्हाचा वापर करणे. या चिन्हाने यादी लिहिली असता वाचनाच्या वेळीच नावांना जन्मस्थानाचा उपसर्ग जोडला जातो.
क) मूल्यांकनापुरती चालू नेमस्पेस बदलणे व काम होताच पूर्ववत करणे.

तिसरा उपाय सोयीचा, परंतु सावधगिरीचा आहे. क्लोजरमधील अनेक याद्या 'आळशी' असतात. त्यांतील घटक प्रत्यक्ष मागितल्याशिवाय काढले जात नाहीत. नेमस्पेस तात्पुरती बदलून अनेक आज्ञांचे मूल्यांकन अशा आळशी यादीद्वारे सांगितले, तर ती यादी हातात येते, नेमस्पेस पूर्ववत होते आणि मूल्यांकन त्यानंतर, म्हणजे भलत्याच परिसरात, घडते. यादी तेथल्या तेथे पूर्ण करवून घेणे हा त्यावरील मार्ग आहे. तसेच नव्याने केवळ प्रवेश करून तयार झालेल्या नेमस्पेसमध्ये मूळ ग्रंथालयाची नावे आपोआप येत नाहीत; तेथे बेरजेचे चिन्हसुद्धा अनोळखी ठरते. बेरीजही कोणत्या तरी परिसरातच बेरीज असते, हे यातून दिसते.

आणखी एक बाजू विश्वासाची. बाहेरून आलेल्या मजकुराचे मूल्यांकन करणे म्हणजे परक्याच्या हाती आपले घर देणे होय. क्लोजरच्या सर्वसाधारण वाचकात वाचतानाच मूल्यांकन घडवून आणण्याची सोय होती. मार्च २०१३ मधील १.५ या आवृत्तीत केवळ माहिती वाचणारा, काहीही अमलात न आणणारा, स्वतंत्र वाचक देण्यात आला. वाचणे आणि अमलात आणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा विवेक त्यातून दृढ झाला.

५. आपल्या परिसरातील दुवा

आरमोरी परिसरातील दस्तऐवजांचा अभ्यास करणाऱ्यास हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदावर आरमोरीपुढे 'जिल्हा चंद्रपूर' असते. ब्रिटिश काळातील कागदांत 'चांदा' असते. गाव तेच, वैनगंगा तीच, पण कागदावरील जिल्ह्याच्या नावाचा अर्थ त्याच्या तारखेशी बांधलेला आहे. १९७० च्या नोंदीतील 'चंद्रपूर जिल्हा' आजच्या सीमांनुसार वाचला, तर वैनगंगेच्या पूर्वेकडील फार मोठा प्रदेश हिशेबातून गळतो. लोकसंख्या, वनक्षेत्र, शाळांची संख्या यांची तुलना मग चुकीची होते. हीही मुकाट्याने घडणारी चूक आहे, कारण नाव सापडते आणि आकडाही मिळतो.

शैक्षणिक कागदपत्रांचेही असेच आहे. २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. 'विद्यापीठ परीक्षा' हे शब्द जुन्या व नव्या कागदांवर सारखेच असले, तरी त्यांमागील संस्था वेगळी आहे. जुन्या नोंदी संगणकावर आणताना केवळ नाव उतरवून घेतले आणि वर्ष गाळले, तर आपण 'इव्हॅल'चा दुसरा घटक गमावतो. नंतरचा वाचक तो आपल्या काळातून भरून काढतो.

अर्थात, हे साम्य मर्यादित आहे. आज्ञावलीचा लेखक उपसर्ग जोडून अर्थ पक्का करू शकतो. जुन्या कागदाचा लेखक आता तसे करू शकत नाही. म्हणूनच तेथे जबाबदारी वाचकावर येते.

निष्कर्ष :

१) १९६० च्या मांडणीत संदर्भ हा मूल्यांकनाचा उघड घटक होता. पुढे कॉमन लिस्प व क्लोजरमध्ये तो चालू अवस्थेत दडला, तर स्कीमच्या १९९८ च्या अहवालात पुन्हा उघड झाला. हा प्रवास सरळ रेषेतील प्रगतीचा नसून सोय आणि स्पष्टता यांच्यातील ओढाताणीचा आहे.

२) नेमस्पेस ओलांडून केलेल्या मूल्यांकनातील बहुतेक चुका पदावलीत नसतात, लेखन, वाचन आणि मूल्यांकन या तीन स्थानांत लेखकाने गल्लत केल्याने त्या होतात.

३) नाव न सापडण्यापेक्षा भलते नाव सापडणे अधिक घातक असते. म्हणून शक्य तेथे संपूर्ण नाव लिहिणे श्रेयस्कर.

४) संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास एकच प्रश्नत्रयी शिकविता येईल : हे कोठे लिहिले गेले, ते कोठे वाचले जात आहे आणि कोणत्या परिसरात त्याचा अर्थ लावला जात आहे? दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी हा घटक एकत्र शिकविल्यास जिल्ह्यातील जुन्या नोंदींच्या संगणकीकरणासाठी लागणारे मनुष्यबळ येथील महाविद्यालयांतूनच घडू शकेल.