सज्जा आणि शेगडी

लंडनमध्ये २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. लाकडी घरांचे वरचे मजले अरुंद गल्लीवर पुढे आलेले, त्यामुळे आगीला पलीकडे जायला वेळ लागला नाही. सुमारे १३,२०० घरे जळाली. १६६७ च्या कायद्याने नवी घरे विटांची वा दगडांची बांधणे सक्तीचे केले.

हा धडा पुढे विसरला गेला. ग्रेनफेल टॉवरच्या २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या पत्र्यांच्या आत ज्वलनशील प्लॅस्टिक होते. १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग या पत्र्यांवरून वर चढली आणि ७२ माणसे गेली. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडात १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत, बाल्कनीतसुद्धा, असे सामान वापरायला बंदी आली. त्याआधी बांधलेल्या बार्किंगमधल्या एका इमारतीच्या लाकडी बाल्कन्या ९ जून २०१९ रोजी पेटल्या. २० सदनिका खाक झाल्या.

आपणही फ्लॅट नवा करताना सज्जाला लाकूड, प्लॅस्टिकचे छत लावतो आणि तिथेच हौसेने कोळशाची शेगडी मांडतो. सज्जा काचा लावून बंद केला असेल तर कोळशाचा विषारी वायू घरातच कोंडतो. उघडा असेल तर ठिणगी वर जाते. शेगडी पेटवण्याआधी एकदा मान वर करून पाहावे, शेजाऱ्याचे कपडे तिथे वाळत असतात.