कॅशिअर : एका क्रियापदाची शिक्षा

 

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे : कॅशिअर. बँकेत काचेआड बसून नोटा मोजतो, तो. पण इंग्रजीत याच अक्षरांचं एक क्रियापदही आहे. ते दुर्मीळ आहे. बाहेरच्या जगात कोणी फारसं वापरत नाही. फौजेत मात्र ते माहीत नसलेला अधिकारी सापडणार नाही. 'टू कॅशिअर' म्हणजे अधिकाऱ्याला कलंक लावून सैन्यातून काढून टाकणे.

दोन्ही शब्द दिसायला जुळे, पण त्यांचं रक्ताचं नातं नाही. बँकेतला कॅशिअर फ्रेंच 'केस' म्हणजे पेटी या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन 'काप्सा', तीही पेटीच. क्रियापदाचं घराणं वेगळं. लॅटिनमध्ये एका धातूचा अर्थ हादरवणे, फोडणे आणि दुसऱ्याचा रद्द करणे. फ्रेंच 'कासे' म्हणजे मोडणे, त्यात हे दोन्ही अर्थ मिसळले. तिथून शब्द डच भाषेत गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई डच लोकांच्या बाजूने स्पेनशी लढायला गेले आणि येताना हा शब्द घेऊन आले. म्हणजे हा शब्द छावणीतून छावणीत गेलेला आहे.

आता शाळेत बाईंनी शिकवलं तसं हे क्रियापद चालवून बघू. वर्तमानकाळ : कॅशिअर. तृतीय पुरुषी एकवचन : कॅशिअर्स. भूतकाळ : कॅशिअर्ड. चालू काळ : कॅशिअरिंग. अगदी नियमित, कुठे अडखळायला होत नाही. पण प्रत्यक्ष वापरात गंमत आहे. 'मी कॅशिअर करतो' असं कोणी म्हणत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी ते प्रथम पुरुषात कधी ऐकलं नाही. कायम 'ही वॉज कॅशिअर्ड'. आपल्या व्याकरणात ज्याला कर्मणी प्रयोग म्हणतात, तो. ज्याच्यावर शिक्षा कोसळली तो वाक्यात दिसतो, शिक्षा देणारा वाक्यातून निघून जातो.

कर्ता दिसतो तो नाटकात. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त हे क्रियापद आहे. आपल्याकडे देवलांनी याच नाटकावरून 'झुंझारराव' रचलं. त्यात कॅसिओ नावाच्या अधिकाऱ्याला दारू पाजून, भांडणात अडकवून पदावरून घालवलं जातं, आणि कारस्थान करणारा इयागो हे क्रियापद वापरून आपल्या साथीदाराला त्याचं श्रेय देतो. कॅसिओ कॅशिअर झाला, हा उच्चारांचा खेळही त्यात आहेच.

आपल्या देशात हा शब्द कंपनीच्या फौजेबरोबर आला. एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण त्यात आपलाही एक शब्द गुंतलेला आहे : भत्ता. बंगालमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता मिळत असे. क्लाइव्हने तो 1766 च्या सुरुवातीला बंद केला. अधिकाऱ्यांनी एकत्र राजीनामे देण्याचा कट केला. मुंगेरच्या ब्रिगेडचा प्रमुख सर रॉबर्ट फ्लेचर याची त्याला आतून साथ होती. कोर्ट मार्शल झालं आणि फ्लेचर कॅशिअर झाला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इंग्लंडला जाऊन त्याने आपली नेमणूक परत मिळवली आणि 1770 च्या दशकात हाच माणूस मद्रासच्या फौजेचा सेनापती झाला. पुढे 1776 साली तंजावरच्या तुळजाजी राजांना राज्य परत देणाऱ्या गव्हर्नर पिगॉटविरुद्ध कौन्सिलातले जे सदस्य उभे राहिले, त्यांतही तो होता. ज्याची वट होती, त्याच्यासाठी मोडलेलंही सांधलं गेलं.

दुसरं प्रकरण लाल किल्ल्यातलं. 5 नोव्हेंबर 1945 रोजी आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लाँ. बचावाची धुरा भुलाभाई देसाईंनी वाहिली, आणि जवाहरलाल नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवला. हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. निकाल काय लागला, ते मात्र पुष्कळांना अर्धंच ठाऊक असतं. शिक्षा तीन होत्या : जन्मठेपेची काळ्या पाण्याची सजा, कॅशिअरिंग, आणि थकलेला पगार-भत्ता जप्त. 3 जानेवारी 1946 रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. तिघे सुटले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण उरलेल्या दोन शिक्षा ऑकिनलेक यांनी कायम ठेवल्या. देशभर जनक्षोभ उसळलेला असताना माणसाला तुरुंगात ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं, पण ते क्रियापद सोडायला ते तयार झाले नाहीत. सरकारच्या हातून सगळं सुटत चाललं होतं, तरी निदान शब्द तरी आपला राहावा, असं मला त्यात दिसतं.

त्या शब्दाचं पुढे काय झालं? शाहनवाज खान लोकसभेवर निवडून आले, केंद्रात मंत्री झाले. ढिल्लाँ यांना 1998 मध्ये पद्मभूषण मिळालं. कागदावर तिघेही कॅशिअर्ड. लोकांनी तो कागद वाचलाच नाही.

इंग्रज गेले, क्रियापद राहिलं. आपल्या 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 71 मध्ये शिक्षांची उतरती यादी आहे. वर मृत्युदंड, मग कारावास, मग कॅशिअरिंग, आणि त्याच्या खाली साधी डिसमिसल. कॅशिअरिंग फक्त अधिकाऱ्यांसाठी. कलम 45 तर फारच बोलकं आहे. पदाला न शोभणारं वर्तन, गुन्हा एकच. पण अधिकारी असेल तर तो कॅशिअर होऊ शकतो आणि जेसीओ असेल तर डिसमिस. एका गुन्ह्याला दोन क्रियापदं, दर्जाप्रमाणे. अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचं कमिशन असतं. जे दिलेलं आहे तेच मोडता येतं.

आता माझी गोष्ट. ती सांगावी की नाही यावर बरेच दिवस घालवले.

1980 च्या दशकाची अखेर. मी कॅप्टन होतो, पोस्टिंग उत्तरेतल्या एका छावणीत. एका तरुण मराठी अधिकाऱ्यावर युनिटच्या फंडातल्या पैशांवरून जनरल कोर्ट मार्शल बसलं आणि त्याचा डिफेंडिंग ऑफिसर म्हणून माझं नाव लागलं. मी वकील नव्हतो. पंधरा दिवस रात्री जागून मॅन्युअल वाचलं, साक्षीदारांना प्रश्न विचारले, जमेल तेवढं लढलो. आरोप सिद्ध झाला. खरं सांगायचं तर, तो व्हायलाच हवा होता. शिक्षा झाली कॅशिअरिंगची, वरिष्ठांच्या मंजुरीच्या अधीन राहून.

त्याचे वडील माणदेशातून दोन रात्रींचा प्रवास करून आले होते. कोरडवाहू शेती, डोक्याला पटका. शिक्षा उघड्या कोर्टात इंग्रजीत वाचली गेली. त्यातला एकच शब्द त्यांच्या ओळखीचा होता. बाहेर व्हरांड्यात मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, कॅशिअर म्हनलं न्हवं त्यांनी? म्हंजी पोराला ब्यांकेत टाकलं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती, ती मला आजही दिसते. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

"नाही आबा," मी म्हणालो, "बडतर्फ केलं."

हा शब्द त्यांना ठाऊक होता. "तलाठ्याला करत्यात, तसं?"

"हो. तसंच."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तसं सांगायचं की पयलंच."

तसंच नव्हतं, हे मला माहीत होतं. बडतर्फ हा शब्द फारसी 'बर-तरफ'वरून आला. त्याचा अर्थ बाजूला करणे. माणूस बाजूला होतो, पण अखंड राहतो. इंग्रजी क्रियापद माणसाला मोडतं. डिसमिस आणि कॅशिअर यांतला जो फरक मी पंधरा रात्री घोकला होता, जो टाळावा म्हणून मी कोर्टात बोललो होतो, तो त्या व्हरांड्यात मी गिळून टाकला. कदाचित मराठीत त्याला शब्द नव्हता म्हणून. कदाचित मला धीर झाला नाही म्हणून. अर्धं सांगितलं ते दयेपोटी की भित्रेपणापोटी, याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही. तो मुलगा पुढे काय झाला, हे मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा हक्क त्याचा आहे.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून पाळली. माझ्या हाताखाली ज्याला कुणाला शिक्षा झाली, लहान असो की मोठी, ती त्याला त्याच्या समजेल अशा भाषेत मी स्वतः सांगितली. आणि वाक्यात शिक्षा देणारा ठेवला. 'तुला शिक्षा झाली' असं नाही, 'मी तुला शिक्षा दिली' असं. शिक्षा देणारा गाळला की लपता येतं, आणि ज्याच्या खांद्यावर बिल्ले आहेत त्याने लपू नये, असं मला वाटतं.

तुमच्याही घरात, कचेरीत असा एखादा शब्द असेल, जो ऐकणाऱ्याला कळलाच नाही. आठवला तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.