घरातील वडीलधाऱ्यांची भूक का मरते?

शाळेत आम्ही मुलांचे डबे रोज पाहतो, पण घरी दादीने किंवा नानांनी किती खाल्ले हे विचारायचे राहून जाते. "भूक नाही" म्हटले की आपण ते वयावर ढकलतो.

वयाने चव आणि वास मंदावतो, दात पडतात, तहान कमी जाणवते, हे खरेच. पण मन आणि राहणीमानही तितकेच महत्त्वाचे. जोडीदाराचे निधन झाले, मुले आखातात गेली, की एकट्यासाठी कोण स्वयंपाक करणार? मग दिवस चहा-बिस्किटांवर निघतो. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. स्नायू झिजतात, चालणे कमी होते आणि भूक आणखी मरते. सततची उदासी हा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम प्रथिने हवीत. अंडी, दही, डाळ, मासे, मऊ शिजवलेला खिमा द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. चहा जेवणासोबत नको, त्याने लोह कमी शोषले जाते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावे.

दर महिन्याला वजन करावे. ६० किलोचे वजन सहा महिन्यांत आपोआप ५७ वर आले तर डॉक्टरांकडे न्यावे.

आणि त्यांचे ताट वेगळ्या खोलीत पाठवू नये. दस्तरखानावर सोबत बसवले की दोन घास जास्तच जातात.