निसरडा रस्ता आणि पुढे आलेला हात

पाय घसरला की हात आपसूक पुढे जातो. विचार करून कोणी हात टेकत नाही. कोकणातल्या शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर जे होते, तेच थंड देशांतल्या गोठलेल्या फुटपाथवर. सगळ्या अंगाचा भार उघड्या तळहातावर येतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडते. बहुधा अंगठ्याकडचे, म्हणजे रेडियस.

इतकी नेहमीची दुखापत, पण युरोपातले शल्यवैद्य ‘मनगट निखळले’ असे म्हणून तिची बोळवण करत. हे मोडलेले हाड असते, असे फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या क्लोद पूतोने लिहून ठेवले होते. ते छापून आले १७८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. बाहेरच्या देशांत त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

मग १८१४ उजाडले. त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये थंडीने कहर केला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लंडनमध्ये थेम्स नदी इतकी घट्ट गोठली, की तिच्यावर जत्रा भरली. एप्रिलमध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात डब्लिनच्या अब्राहम कॉलीसचा छोटासा लेख आला. थंडीने पुरवलेले रुग्ण पाहूनच तो लिहिला, असे म्हणायचा मोह होतो. पण कॉलीसच्या लेखी ही दुखापत नेहमीचीच होती. त्याने ना शवविच्छेदन करून मोड पाहिला होता, ना त्याच्यापाशी क्ष-किरण होते. होती ती बोटे. त्याने चाचपून सांगितले, की मोड सांध्यापासून साधारण दीड इंच वर असतो. रुग्णाचा पंजा ओढून धरला की वरचा उंचवटा जातो आणि सोडला की पुन्हा उभा राहतो. निखळलेला सांधा असा वागत नाही, तो एकदा बसला की बसतो. हात वाकडा राहिला तरी पुढेमागे दुखणे थांबते आणि हालचालही पूर्ववत होते, असा दिलासाही त्याने दिला. तो जरा सढळच म्हणायचा. पॅरिसमध्ये शल्यवैद्य द्युपुइत्राँने पुढे ‘हे निखळणे नव्हे, मोड आहे’ हीच बाजू लावून धरली, आणि डॉक्टरांच्या तोंडी ‘कॉलीज फ्रॅक्चर’ हे नाव कायमचे बसले.

बोटांचे हे काम पुढे किरणांकडे गेले, त्याला मात्र निमित्त बर्फाचेच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी एडी मॅकार्थी हा चौदा वर्षांचा मुलगा गोठलेल्या कनेटिकट नदीवर स्केटिंग करताना पडला. राँटगेनचा क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी डार्टमथ कॉलेजात डॉ. गिलमन फ्रॉस्ट आणि त्यांचे खगोलशास्त्रज्ञ भाऊ एडविन यांनी एडीचा हात काचेच्या प्लेटवर ठेवला आणि वर नळी पेटवली. वीस मिनिटे! आज क्षणभर श्वास रोखायला सांगितले तरी आपली चुळबुळ होते. प्लेट धुतल्यावर करंगळीकडच्या हाडातला, अल्नातला, मोड स्वच्छ दिसला. अमेरिकेत वैद्यकीय कामासाठी क्ष-किरण वापरल्याचा हा अगदी पहिल्यावहिल्यांपैकी प्रसंग; त्याचे छायाचित्रही उपलब्ध आहे.

हवामान आणि हात यांचा हिशेब मात्र विसाव्या शतकात मांडला गेला. मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या दीर्घकाळच्या वैद्यकीय नोंदी हवामानाच्या रोजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा गोठता पाऊस किंवा बर्फ पडलेल्या दिवशी मनगटाजवळची हाडे जास्त मोडतात असे दिसले. खुब्याच्या हाडावर ऋतूचा परिणाम त्या मानाने कमी. कारण सरळ आहे: खुबा मोडणारे वृद्ध बहुतेक वेळा घरातच पडतात आणि त्यांचा हात वेळेवर पुढे येत नाही. मनगट मोडते ते बाहेर पडणाऱ्यांचे, त्यातही पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या बायकांचे.

कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा दिवस अधिक घातकी. बर्फावर पाण्याचा पातळ थर साचतो, किंवा ताजा हिमभुगा खालचा गुळगुळीत बर्फ झाकून टाकतो. म्हणूनच फिनलंडची हवामान संस्था पायी चालणाऱ्यांसाठी निसरड्या फुटपाथचा वेगळा इशारा देते, आणि स्वीडनमधल्या काही नगरपालिका ज्येष्ठांना बुटाखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे फुकट वाटतात.