सकाळची शाळा

शाहूवाडी पावसाचा मुलूख. पण चैत्रातलं ऊन इथंही सोडत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मोफत केलं. वाड्यावस्त्यांची पोरं शाळेची वाट चालू लागली. आमच्या वेळी उन्हाळ्यात सकाळची शाळा. साडेअकराला सुटली की अनवाणी दोन मैल. एकदा धाकटी बहीण वाटेतच चक्कर येऊन पडली. पाठुंगळी घेऊन करंजाखाली आणली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

२०२५ च्या उन्हाळ्यात सरकारनं राज्यभर प्राथमिक शाळा ७ ते सव्वाअकरा केली. बरं झालं. पण पोरं नुसती वर्गात बसवून भागत नाही. पत्रा तापला की वर्गाची भट्टी होते, आणि घरची वाट उन्हातच राहते. शाळेत आणि वाटेवर आधी झाडं लावा, मग दारं लावा.