दवाखान्याची परीक्षा

ब्रिटनमध्ये ‘सर्जरी’ या शब्दाचा अर्थ केवळ शस्त्रक्रिया असा नाही. वस्तीतील जनरल प्रॅक्टिशनरच्या, म्हणजेच ‘जीपी’च्या दवाखान्यालाही तेथे सर्जरी म्हणतात. १९४८ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसचा (एनएचएस) हा पहिला उंबरठा होय. तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यासाठीही बहुधा येथूनच चिठ्ठी घ्यावी लागते. अशा प्रत्येक दवाखान्याची बाहेरच्या यंत्रणेने तपासणी करावी, त्याला श्रेणी द्यावी आणि ती श्रेणी रुग्णांना दिसेल अशी लावण्याचे बंधन घालावे, ही व्यवस्था इंग्लंडमध्ये २०१३ नंतर उभी राहिली.

तोपर्यंत ‘आपला डॉक्टर’ या विश्वासावर बरेच काही चालत असे. त्या विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला तो हॅरॉल्ड शिपमन प्रकरणाने. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील या लोकप्रिय जीपीला १५ रुग्णांच्या खुनाबद्दल जानेवारी २००० मध्ये शिक्षा झाली. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये हा आकडा २१५ वर नेला. एकट्याने चालविलेल्या त्या दवाखान्यात अमली गुणधर्माची औषधे किती येतात, कोठे जातात आणि रुग्ण कशाने दगावतात, हे पडताळून पाहणारी समर्थ यंत्रणाच नव्हती. पुढे स्टॅफर्ड येथील रुग्णालयातील हेळसांडीवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि तपासणीची संपूर्ण पद्धतच बदलण्याची मागणी जोर धरू लागली.

पाच प्रश्न, चार श्रेणी

हे काम ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे (सीक्यूसी) आहे. २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या आयोगाचे कामकाज एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २०१३ पासून जीपी दवाखान्यांना त्याच्याकडे नोंदणी बंधनकारक झाली. आयोगाचे अधिकारक्षेत्र इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांची व्यवस्था स्वतंत्र आहे.

तपासणी पाच प्रश्नांभोवती फिरते. सेवा सुरक्षित आहे का? परिणामकारक आहे का? रुग्णांना आपुलकीने वागविले जाते का? त्यांच्या गरजांची वेळेवर दखल घेतली जाते का? आणि दवाखान्याचे नेतृत्व सक्षम आहे का? उत्तरांवरून ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी श्रेणी मिळते. एप्रिल २०१५ पासून ही श्रेणी दवाखान्यात व त्याच्या संकेतस्थळावर झळकविणे सक्तीचे झाले.

फ्रिजची नोंदवही

निरीक्षकांच्या पथकात सल्लागार म्हणून एखादा जीपीही असतो. मात्र, हे पथक डॉक्टरांच्या निदानकौशल्याची परीक्षा घेत नाही. ते पाहते ती दवाखान्याची शिस्त. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सियसदरम्यान आहे का आणि त्याची रोज नोंद होते का? तापमान मर्यादेबाहेर गेले, तेव्हा त्या लसींचे काय केले? प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आहे का? अॅड्रेनालिनच्या कुपीवरील मुदत उलटून तर गेलेली नाही? नव्या कर्मचाऱ्याची पूर्वपीठिका तपासली का? प्रश्न साधे असतात. पण त्यांचे उत्तर तोंडी चालत नाही, कागद दाखवावा लागतो.

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण बोलके आहे. संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या या गोळीमुळे यकृतावर व रक्तपेशींवर दुष्परिणाम होऊ शकतो. त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. चिठ्ठी मात्र वारंवार तशीच पुढे चालू राहू शकते. म्हणून निरीक्षक संगणकातील नोंदींतून शोध घेतात: औषध चालू आहे, पण तपासणी झालेली नाही, असे रुग्ण किती? यात डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. विसरण्याला जागा राहणार नाही अशी व्यवस्था नसते, एवढेच.

सुधारणेची खरी पद्धतही येथेच दिसते. आधी अशा रुग्णांची यादी करायची, त्यांना बोलावून तपासणी करायची, चिठ्ठीच्या नूतनीकरणाला तपासणीची अट जोडायची आणि काही महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करायची. दुसरी मोजणी झाली नाही, तर सुधारणा झाली असे मानले जात नाही. झालेली चूक सर्व कर्मचाऱ्यांसमोर मांडून तिच्यापासून काय शिकलो, हे लिहून ठेवण्याचीही अपेक्षा असते.

‘असमाधानकारक’ ठरलेल्या दवाखान्याला विशेष देखरेखीखाली ठेवून सहा महिन्यांत फेरतपासणी करण्याची पद्धत ठरली. त्यानंतरही फरक पडला नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. २०१४ ते २०१७ या पहिल्या फेरीत सात हजारांहून अधिक दवाखाने तपासले गेले. फेरीअखेर सुमारे ९० टक्के ‘चांगले’ किंवा ‘उत्कृष्ट’ ठरले. सर्वाधिक त्रुटी आढळल्या त्या सुरक्षिततेच्या प्रश्नावर.

परीक्षकाचीही परीक्षा

ही व्यवस्था वादातीत नाही. कागदपत्रांच्या ओझ्यामुळे रुग्णांसाठीचा वेळ कमी होतो आणि एका शब्दात दवाखान्याचे मोल करणे अन्यायाचे आहे, असे आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांनी वारंवार घेतले. २०२४ मध्ये तर खुद्द आयोगच कठड्यात उभा राहिला. डॉ. पेनी डॅश यांच्या पाहणीत दिसले, की रुग्णालयांपासून शुश्रूषागृहांपर्यंत सर्व मिळून होणाऱ्या तपासण्या २०१९-२० मधील सुमारे १६ हजारांवरून २०२३-२४ मध्ये सात हजारांवर आल्या होत्या आणि पाचपैकी सुमारे एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी आयोग आपल्या कामास पात्र उरलेला नाही, असे जाहीरपणे सांगितले. दारावरची श्रेणी कित्येक वर्षांपूर्वीची असेल, तर ती पाहून दवाखाना निवडणाऱ्या रुग्णाची दिशाभूलच होते.

महाराष्ट्रात खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ‘एनएबीएच’ची मानांकने २००५ नंतर आली, परंतु ती ऐच्छिक आहेत. गल्लीतील खाटा नसलेला एका डॉक्टरचा दवाखाना मात्र या चौकटीबाहेरच राहतो, आणि बहुसंख्य नागरिक प्रथम जातात ते तेथेच. इंग्लंडची श्रेणीपद्धती जशीच्या तशी उचलण्याजोगी नाही, हे तिथल्या अनुभवाने दाखविले आहे. फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंद, मुदतबाह्य औषधांची मासिक छाननी आणि झालेल्या चुकांची वही यांसाठी मात्र कोणत्याही निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. निरीक्षक एक दिवस येतो. रुग्ण रोज येतात.