एक मूळ घडण, अनेक यंत्रे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. काव्य टिकले ते भाविकांनी उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. परंतु हाताने उतरलेल्या पोथ्या म्हटल्या की पाठभेद आलेच. मूळ एक असता त्याच्या अनेक प्रती एकरूप कशा राखाव्यात, हा प्रश्न असा फार जुना आहे. आज तोच प्रश्न संगणकांच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला आहे. त्याचा इतिहास मी आज आपणांस थोडक्यात सांगणार आहे.

संगणकाचा सर्व कारभार जी चालविते ती ऑपरेटिंग सिस्टीम. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची अशी प्रणाली रचण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये ती बहुतांशी ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि १९७४ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात पोहोचली. तेथील बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये तिच्यात भर घालून चुंबकीय फितींवर तिच्या प्रती पाठविण्यास सुरुवात केली. फितीत मूळ संहिताही असे. ज्याला फीत मिळे त्याने ती संहिता आपल्या यंत्रावर घडवून घ्यावयाची. पाककृती हाती आली, स्वयंपाक मात्र घरी करावयाचा, असा हा प्रकार होता.

यंत्र एकच असेपर्यंत यात अडचण नव्हती. पण एका खोलीत वीस यंत्रे आली, की तीच संहिता वीस वेळा घडविणे म्हणजे वेळेची नासाडी. शिवाय प्रत्येक घडणीत भेद राहण्याची भीती. यावर पहिला मोठा उपाय १९८४ मध्ये निघाला. सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीने दूरच्या संगणकावरील फाइली जणू आपल्याच यंत्रात असल्याप्रमाणे वापरण्याची ‘नेटवर्क फाइल सिस्टीम’ तयार केली. बर्कलेच्या परंपरेतून १९९३ साली फ्रीबीएसडी ही मुक्त प्रणाली जन्मास आली, आणि तिच्या वापरात एक शिस्त रूढ झाली ती अशी.

एक समर्थ यंत्र ‘घडणीचे यंत्र’ म्हणून नेमावयाचे. तेथे मूळ संहिता आणावयाची आणि सर्व यंत्रांच्या प्रोसेसरांना चालेल अशी एकच घडण करावयाची. यंत्रायंत्रांच्या गरजा वेगळ्या असल्यास त्यांचे निरनिराळे गाभे, म्हणजे कर्नल, तेथेच घडवावयाचे. नंतर बाकीच्या यंत्रांनी घडणीचे ते भांडार जाळ्यातून जोडून घ्यावयाचे. आधी गाभा बसवून यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, मग उरलेली प्रणाली बसवावयाची, आणि शेवटी त्या यंत्राची स्वतःची मांडणी असलेल्या फाइली नव्याशी जुळवून घ्यावयाच्या. कष्ट एकदा, लाभ अनेकांना. मात्र या शिस्तीतील मर्म निराळेच आहे. आधी एका चाचणीच्या यंत्रावर सर्व करून पाहावयाचे, मगच इतरांना हात लावावयाचा. कारण मूळ घडणीत चूक राहिली तर ती वीसही यंत्रांत एकाच वेळी उतरते. हस्तलिखितात चूक एका प्रतीत शिरे. छापखान्यात ती खिळ्यांच्या जुळणीत राहिली तर साऱ्या आवृत्तीत पसरते.

आपल्या देशातही या वाटेवर प्रयत्न झाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अनेक प्रोसेसरांना एका सूत्रात बांधण्याचे ते काम होते. याच संस्थेच्या चेन्नई केंद्रातून २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम प्रसिद्ध झाली. तिचा पाया डेबियन या लिनक्स प्रणालीचा असून मराठी, कन्नड आदी भाषांची सोय तीत आहे.

यात आपल्या सीमाभागाचे काय, असे कोणी विचारील. बेळगाव-निपाणीकडील एका शाळेतला अनुभव सांगतो. संगणकांची अर्धी रांग अद्ययावत केलेली, अर्धी जुनीच राहिलेली. एका यंत्रावर टंकिलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली, तो जोडाक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी! मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांची जेथे रोज गरज, तेथे एकरूपता ही चैन नव्हे. पुढे त्या शाळेने एकच यंत्र भांडार म्हणून राखले. नवे संच एकदाच बाहेरून घ्यावयाचे, त्यांवरील सही पडताळावयाची, एका यंत्रावर दोन्ही लिप्यांतील फाइली उघडून पाहावयाच्या, मग इतरांनी तेथूनच ते घ्यावयाचे. मंद इंटरनेटवरील ताण तर कमी झालाच, पण आपल्या यंत्रांचा कारभार आपल्याला कळतो हा विश्वास विद्यार्थ्यांत आला, तो अधिक मोलाचा.

अद्ययावत राहण्यातील हयगय किती महाग पडते, हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एका दोषावर १४ मार्चला दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. तरीही १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या घातक आज्ञावलीने ती न बसविलेली असंख्य यंत्रे जगभर बंद पाडली. इंग्लंडमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. औषध तयार होते. ते प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचले नव्हते.

म्हणून मूळ प्रत जपणे जितके आवश्यक, तितकेच ती तपासून सर्वांपर्यंत पोहोचविणेही आवश्यक आहे. पोथीला पोथी ताडून पाहणाऱ्या आपल्या जुन्या अभ्यासकांना ही गोष्ट मुळीच नवी वाटली नसती.